१८५० पाशी अडलेली अमेरिकी वंशावळ: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

दर शनिवारी सकाळी मी आमच्या गावच्या वाचनालयात वंशावळीच्या टेबलावर मदतीला बसते. अकरा वर्षं झाली. येणारे बहुतेक इथले अमेरिकीच, पण अलीकडे आपली मराठी मंडळीही येतात. सून किंवा जावई जुन्या अमेरिकी घराण्यातला असतो आणि नातवाला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचा असतो. आपल्या बाजूला छापील कुळवृत्तांत तयार असतो. व्याह्यांच्या बाजूला पाच-सहा पिढ्यांनंतर कागद कोरा.

माझ्या सुनेचं माहेर पूर्व टेनेसीतलं आणि त्याआधी व्हर्जिनियातलं. तिच्या घराण्यात मी १८५० पाशी अडले आणि तीन वर्षं तिथेच राहिले. त्यानंतर हाच बिघाड मी इतरांच्या कागदांत इतक्या वेळा सोडवला आहे, की तपासण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे देते. फुकटच्या तपासण्या आधी आणि पैसे खाणाऱ्या शेवटी. क्रम मोडू नका. चौथ्या पायरीवर सुटणाऱ्या प्रश्नासाठी लोक डीएनएची किट मागवून बसतात.

लक्षणं

१८५० च्या जनगणनेत पूर्वज बायको-मुलांसह स्वच्छ दिसतो, पण १८४० मध्ये त्याच नावाचे तीन जण दिसतात आणि आपला कोणता ते कळत नाही. इंटरनेटवरच्या चाळीस वंशवृक्षांत त्याचा बाप एकच दाखवलेला असतो, पण एकाही ठिकाणी कागद जोडलेला नसतो. आईचं वय पहिल्या मुलाच्या वेळी अकरा किंवा शेवटच्या वेळी सत्तावन्न निघतं. त्याच वर्षी तो दोन राज्यांत राहत असतो. बायकोची दोन नावं दिसतात आणि दोघींची मुलं एकाआड एक जन्मलेली असतात. किंवा मधली दहा-पंधरा वर्षं तो कुठेच नसतो.

यातलं एकच लक्षण असेल तर एखादी नोंद हाती लागायची राहिली असेल, एवढंच. दोन-तीन एकत्र असतील तर एकाच नावाच्या दोघांना कोणीतरी एक करून टाकलेलं आहे, असं धरून चाला. माझ्या टेबलावर येणारा बिघाड बहुतेक वेळा हाच असतो.

तो आपल्या लोकांच्या लवकर लक्षात येत नाही, त्याला कारण आहे. आपल्याकडे नावाच्या मध्ये बापाचं नाव असतं, त्यामुळे एका गावातले दोन गणपत वेगळे ओळखू येतात. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत बहुतेकांना एकच नाव आणि आडनाव. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्यासारखीच. एका जॉनला चार मुलगे असले आणि चौघांनीही एकेका मुलाचं नाव जॉन ठेवलं, की पुढच्या पिढीत एकाच खोऱ्यात एकाच आडनावाचे, जवळपास एकाच वयाचे चार जॉन.

पहिली तपासणी: कोऱ्या कागदावर कालपट

खर्च शून्य, वेळ एक संध्याकाळ. वर्ष, ठिकाण, कोणता कागद आणि त्यात नेमकं काय लिहिलं आहे, एवढे चार रकाने. दुसऱ्याच्या वंशवृक्षावरून आलेली प्रत्येक गोष्ट यातून बाहेर. चाळीस झाडांत एकच बाप असणं म्हणजे चाळीस पुरावे नव्हेत. एकाने लिहिलं आणि एकोणचाळीस जणांनी उतरवून घेतलं.

हे केल्यावर मागे फार थोडं उरतं आणि मन खट्टू होतं. पण सांधा कुठे निखळला आहे हे इथेच दिसतं. दोन नोंदींमधलं अंतर घोड्यावरून कापता येण्यासारखं होतं का, वयं जुळतात का, हे एका नजरेत कळतं.

दुसरी: जनगणना काय सांगते आणि काय सांगत नाही

जुन्या मराठीतला ‘खानेसुमारी’ हा शब्द इथे चपखल बसतो. १७९० ते १८४० पर्यंतच्या अमेरिकी जनगणनांत नाव फक्त घराच्या कर्त्याचं आहे. बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी मोजलेली. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा १८५० मध्ये आलं. कर्त्याशी नातं काय हे १८८० पासून. म्हणून १८५० च्या घरात दिसणारी बाई बायकोच असेल असं नाही आणि मुलं त्याचीच असतील असंही नाही. विधवा बहीण आणि तिची मुलं मी कितीदा तरी बायको-मुलं म्हणून नोंदवलेली पाहिली आहेत.

१७९० च्या व्हर्जिनियाच्या याद्या उरलेल्या नाहीत. छापील पुस्तकात दिसतात त्या १७८० च्या दशकातल्या राज्याच्या याद्यांवरून भरून काढलेल्या. पूर्व टेनेसीच्या तर १८२० पर्यंतच्या जवळपास सगळ्या गेल्या, म्हणून तिथे खरी सुरुवात १८३० ला होते. १८९० ची जनगणना जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या आगीत होरपळली आणि उरलेलीही बहुतेक सगळी पुढे नष्ट केली गेली. यादीच नसेल तर नाव सापडणार कसं? शोधाच्या पेटीत नाव टाकून ‘काही नाही’ असं उत्तर आलं, की ती यादी मुळात उरली आहे का हे आधी पाहा.

घराणं आफ्रिकन अमेरिकन असेल तर ही भिंत बहुधा १८७० ची असते. १८५० आणि १८६० मध्ये गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांची वेगळी यादी आहे आणि तिच्यात मालकाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण एवढंच लिहिलेलं आहे. तिथे शोध मालकाच्या घराण्याच्या कागदांतून आणि १८६५ नंतरच्या फ्रीडमेन्स ब्युरोच्या, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या सरकारी खात्याच्या, नोंदींतून करावा लागतो. ते काम माझ्या या क्रमात बसत नाही, त्याची वाट वेगळी आहे.

तिसरी: तारखा, शब्द, अक्षर

हीही फुकट, आणि तिच्यातून अर्धे चमत्कार नाहीसे होतात.

१७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्याच वर्षी पंचांग बदललं आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ चा, आपण म्हणतो २२ फेब्रुवारी १७३२. म्हणजे एप्रिल १७३१ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७३१ मध्ये मूल, यात वावगं काही नाही. मूल लग्नानंतरचंच आहे.

शब्दांचं तसंच. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं नाही. गावात त्या नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग तो पुतण्या असो की परका. थोरला वारला की ज्युनियरच पुढे सीनियर होई. ‘सन-इन-लॉ’ हा सावत्र मुलगाही असू शकतो. ‘कझिन’ पुतण्याही असतो. कोर्टाच्या कागदातला ‘इन्फन्ट’ तान्हा नसतो, एकवीस वर्षांच्या आतला कोणीही असतो. ‘ऑर्फन’ची आई जिवंत असू शकते, बाप गेलेला असला की पुरे.

अक्षरात दोन खड्डे नेहमीचे. ‘जेएनओ’ ही तीन अक्षरं म्हणजे जॉन, पण सूची करणारे त्याचा जोनाथन करतात. आणि जोडाक्षरासारखा लिहिलेला लांब ‘एस’ वाचताना ‘एफ’ किंवा ‘पी’ होतो, मग ‘रॉस’चा ‘रोफ्स’ होऊन तो सूचीत भलत्याच पानावर जाऊन बसतो. बायकांची घरगुती नावंही पाठ करून ठेवा: पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा. बायकोची ‘दोन नावं’ हे लक्षण कधीकधी एवढ्यावरच बरं होतं.

चौथी: काउंटीची हद्द

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. माणूस हलला नसेल, हद्द हलली असेल. व्हर्जिनियातली रॉकब्रिज काउंटी १७७८ ला ऑगस्टा आणि बोटेटॉर्टमधून निघाली. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता आणि टेनेसी १७९० पर्यंत नॉर्थ कॅरोलायनाच्या ताब्यात होतं, मग केंद्राच्या हाताखालचा प्रदेश झालं आणि १७९६ ला राज्य. एकाच घरात बसून एखाद्याने आयुष्यात दोन राज्यं आणि तीन काउंट्या पाहिल्या असतील, आणि प्रत्येक काळातले कागद त्या त्या काळच्या काउंटीच्या कोर्टहाऊसमध्येच राहिले. नवी काउंटी निघाली म्हणून जुनी दप्तरं तिकडे जात नाहीत. आपल्याकडे जिल्हा विभागल्यावर जुना फेरफार कुठल्या कचेरीत मिळेल याची जी शोधाशोध होते, तीच ही.

शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंटी-हद्दींचा ऐतिहासिक नकाशासंग्रह केला आहे. त्यात तारखेनुसार हद्द पाहता येते. कालपटाच्या प्रत्येक ओळीसमोर त्या दिवशीची काउंटी लिहा.

पाचवी: करयाद्या

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची तपासणी हीच. जनगणना दहा वर्षांनी एकदा, कर दरवर्षी.

व्हर्जिनियाच्या व्यक्तिगत मालमत्तेच्या करयाद्या १७८२ पासून आहेत. त्यांची एक प्रत राज्याकडे रिचमंडला जात असे, त्यामुळे काउंटीचं कोर्टहाऊस जळालं तरी यादी उरली. एक एक वर्ष धरून चाला. बापाच्या नावासमोर सोळा वर्षांवरच्या पुरुषांचा आकडा असतो. तो एकाचा दोन झाला की एक मुलगा सोळाचा झाला. काही वर्षांनी तो आकडा पुन्हा एक होतो आणि त्याच आडनावाचं नवं नाव यादीत येतं, तेव्हा तो मुलगा स्वतः कर भरायला लागला. जन्मनोंद नसलेल्या मुलाचं जन्मवर्ष असं एक-दोन वर्षांच्या फरकाने काढता येतं. पुष्कळ याद्या आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावल्या आहेत, पण अधिकारी कोणत्या दिवशी आला ती तारीख समोर असते. एका तारखेची नावं वेगळी काढलीत की शेजार उभा राहतो. मग एक जॉन ओढ्याच्या वरच्या अंगाचा आणि दुसरा चर्चजवळचा, हे कळायला लागतं. १८०८ ची यादी नाही म्हणून घाबरू नका, त्या वर्षी हा कर घेतलाच नव्हता.

माझ्या सुनेच्या पूर्वजाचा ‘सर्वमान्य’ बाप इथेच गळून पडला. सगळ्या वंशवृक्षांत तो रॉकब्रिजच्या एका मोठ्या जमीनदाराचा मुलगा होता. आमचा माणूस १८११ मध्ये टेनेसीच्या ग्रीन काउंटीत जमीन घेऊन स्थायिक झालेला, आणि जमीनदाराचा मुलगा १८१५ पासून पुढे आठ वर्षं सलग रॉकब्रिजमध्ये कर भरतोय. दोन माणसं, दोन घोडे, दोन ठिकाणं. मला वाईट वाटलं, कारण त्या जमीनदाराच्या मागे आणखी तीन पिढ्या कोणीतरी छान लिहून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या पुसल्या.

सहावी: खरेदीखतं

सातबारा आणि फेरफार वाचता येणाऱ्याला हे काम परकं वाटणार नाही. मृत्युपत्र नसलं तरी जमीन वारसांकडे जाते आणि वारस ती विकतात, तेव्हा कागद होतोच.

इथे कायदा माहीत हवा. व्हर्जिनियात १ जानेवारी १७८७ पर्यंत मृत्युपत्राविना गेलेल्याची जमीन थोरल्या मुलाकडे जाई, आणि त्याचं वेगळं खत होत नसे. म्हणून कधीही विकत न घेतलेली जमीन कोणी विकताना दिसला, तर ती त्याला बहुधा वारशाने आली. १७८७ नंतर सगळ्या मुलांना सारखा वाटा. मग खतात ‘एक-सप्तमांश अविभक्त हिस्सा’ असे शब्द येतात, आणि एका वाक्यात भावंडं किती ते कळतं. मुलींचे हिस्से त्यांच्या नवऱ्यांच्या नावांनी येतात. विकणाऱ्याच्या बायकोला जमिनीतल्या एक-तृतीयांशावर विधवा म्हणून हक्क असे आणि तो सोडल्याची कबुली वेगळी घेत, त्यामुळे तिचं पहिलं नाव मिळतं.

मी तीन वर्षं का अडले, ते आता सांगते. खतांच्या जुन्या सूचीत विकणाऱ्यांपैकी फक्त पहिल्याचं नाव असतं आणि पुढे ‘व इतर’. आमचा माणूस त्या ‘इतर’ मध्ये होता. मी त्याचं आडनाव दहादा तपासलं आणि प्रत्येक वेळी तो त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या आडनावाखाली लपलेला होता. १८२४ चं खत. सात वारस, सहा रॉकब्रिजमध्येच सह्या करतात आणि सातवा, ‘ग्रीन काउंटी, टेनेसीचा रहिवासी’, मुखत्यारपत्राने. बाप जमीनदार नव्हता. त्याच जमीनदाराच्या दोन वळणं पलीकडचा, साठ-सत्तर एकरांचा शेतकरी होता. करयादीत मी त्याच्यावरून कितीदा बोट फिरवलं असेल.

आज हे शोधणं सोपं झालं आहे. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या फुकट संकेतस्थळाने २०२४ मध्ये हस्तलिखित खतं आणि वारसकागद यांच्या संपूर्ण मजकुरात शोधायची सोय दिली. सूचीत नसलेला ‘इतर’ मजकुरात असतोच. फक्त यंत्राच्या वाचनावर थांबू नका, पानाचं चित्र उघडा आणि स्वतः वाचा. साक्षीदार आणि जमिनीचे शेजारीही टिपून घ्या, कारण माणसं स्थलांतर एकटी करत नसत. टेनेसीतल्या शेजाऱ्यांपैकी तीन आडनावं रॉकब्रिजच्या त्याच ओढ्यावर निघाली होती.

सातवी: कोर्ट, मृत्युपत्रं, पेन्शन

मृत्युपत्रातली बायको सगळ्या मुलांची आई असेलच असं नाही. एखाद्या मुलाला फक्त एक डॉलर ठेवला असेल तर तो नावडता होता असं लिहू नका, बहुधा त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असतो. लग्नाआधी हमी म्हणून दिलेल्या जामीनखतावरची तारीख लग्नाची नसते आणि त्यावरचा जामीनदार बऱ्याचदा नवरीचा बाप किंवा भाऊ असतो. भावंडं वाटणीवरून भांडली असतील तर चॅन्सरी कोर्टाचे, म्हणजे वारसा-वाटणीसारखे वाद जिथे चालत त्या कोर्टाचे, दावे पाहा. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने बऱ्याच काउंट्यांचे दावे स्कॅन करून खुले केले आहेत, आणि त्यांत तीन-तीन पिढ्या शपथेवर सांगितलेल्या सापडतात. आणखी एक आडवाट: व्हर्जिनियात मृत्यूंची नोंद १८५३ ला सुरू झाली आणि तिच्यात आईबापांची नावं विचारली जात. आपला माणूस टेनेसीत वारला असला तरी मागे राहिलेला त्याचा भाऊ तिथे सापडू शकतो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कोणी लढला असेल तर १८३२ च्या कायद्याखालचे पेन्शनचे अर्ज वाचा. जन्म कुठला, युद्धानंतर कुठे कुठे राहिलो, हे त्या म्हाताऱ्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. १८३६ नंतर विधवांना लग्नाचा पुरावा द्यावा लागे, तेव्हा कित्येकींनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नांचं पान फाडून पाठवलं. ती पानं आजही नॅशनल आर्काइव्ह्जच्या फायलींत आहेत.

मालमत्तेच्या यादीत गुरं-ढोरं आणि भांड्यांच्या मध्ये माणसांची नावं आणि किमती दिसतील. ती नावं गाळू नका. नाव, वय, वर्ष आणि कोणाच्या वाट्याला गेली ते वेगळं उतरवून जतन करा. दुसऱ्या कोणाच्या तरी घराण्याचा तेवढाच एक धागा उरलेला असतो.

आठवी: डीएनए

आता पैसे खर्च करा. नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांमागे कमजोर पडते, खऱ्याखुऱ्या दूरच्या भाऊबंदांतही सामाईक तुकडा पुष्कळदा नसतोच. सरळ पुरुषवंशासाठी वाय-गुणसूत्राची चाचणी, तीही त्या आडनावाचा जिवंत पुरुष तयार असेल तर. दोन जॉन एका कुळाचे आहेत का हे ती सांगते. बाप कोण आणि काका कोण, हे सांगत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कागद जुन्या जर्मन लिपीत असतील तर अंदाजाने वाचू नका. पंधरा-वीस खतांच्या खांब-झाडांच्या खुणांवरून जमिनीचे तुकडे नकाशावर बसवायचे असतील तर ते सरावाचं काम आहे. काउंटीची दप्तरं जळाली असतील, किंवा १८६५ ला सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवून तिथल्या आगीत गेली असतील, आणि करयाद्या व खतं दोन्ही संपली असतील, तर तज्ज्ञ लावा. वंशपरंपरेच्या एखाद्या संस्थेचं सभासदत्व किंवा कायदेशीर हक्क तुमच्या निष्कर्षावर अवलंबून असेल तरही. घरच्या जुन्या बायबलची पानं सुटत असतील तर चिकटपट्टी लावू नका, कागदसंवर्धन करणाऱ्याकडे न्या. आणि डीएनएमधून जिवंत माणसाच्या बापाविषयी काही वेगळं निघालं, तर त्याच दिवशी काम थांबवा. ते ज्याचं आहे त्याच्याशी आधी एकट्याने बोला. वंशवृक्षात ते सगळ्यात शेवटी येतं, किंवा येतच नाही.

तज्ज्ञ निवडताना बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्सचं प्रमाणपत्र आहे का आणि त्याच राज्याचा अनुभव आहे का, हे विचारा. पहिल्यांदा ठरावीक तासांचंच काम द्या, आणि प्रश्न एकच द्या. सोबत कालपट आणि शोधूनही न सापडलेल्या जागांची यादी द्या, नाहीतर त्याच जागा पुन्हा शोधण्याचे पैसे तुम्हीच भराल.

काही ठिकाणी तज्ज्ञालाही कागद मिळत नाही. उत्तर आयर्लंडातल्या अल्स्टरहून फिलाडेल्फियाला आलेली माणसं ब्रिटिश प्रजाच होती, त्यामुळे १७२७ पासून जर्मनांकडून शपथ घेऊन जशा याद्या केल्या तशा त्यांच्या झाल्या नाहीत, आणि सरकारी प्रवासी याद्या १८२० च्या पुढच्या. सुनेच्या घराण्यात मी १७८२ च्या रॉकब्रिजच्या करयादीपाशी आले आहे: एक नाव, तीन घोडे, सात गुरं. त्याच्या बापाची चौकट मी कोरी ठेवली आहे आणि खाली पेन्सिलने लिहिलं आहे, कुठे कुठे पाहून झालं ते.